खालचं पाणी वर

१८४६ सालची गोष्ट. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारातल्या एका घरी एक मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राही आणि एका भांड्यातलं समुद्राचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओती. दुसऱ्यातलं पुन्हा पहिल्यात. असं अर्धा-पाऊण तास चाले. घर होतं लॉर्ड जॉन थिन या धर्मोपदेशकांचं. त्यांच्या पत्नी ॲना थिन त्या वर्षी टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. तिथल्या खडकांत त्यांना प्रवाळाच्या जातीतले बारीक जीव दिसले आणि ते घरी न्यायचा त्यांनी हट्ट धरला. प्रवासात ते एकमेकांवर आपटून मरू नयेत म्हणून बाईंनी सुई-दोरा घेतला आणि ते जीव एका मोठ्या स्पंजवर चक्क शिवून टाकले. लंडनला आणले तर खरे, पण पुढे काय? समुद्र तर लांब. पाणी दोन दिवसांत नासणार. मग हा उपाय निघाला : पाणी बदलता येत नसेल तर ते हलवायचं. पडणारं पाणी हवा घेऊन पडतं, त्या हवेवर हे जीव तगतील. आणि ते तगले. नुसते तगले नाहीत, वाढले. पुढे बाईंनी १८५९ साली एका शास्त्रीय नियतकालिकात हा सारा वृत्तांत छापला.

घरातल्या मत्स्यालयाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा काचेपासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती या खिडकीपासून करावी. आज फिश टँकखालच्या कपाटात गुरगुरणारा जो पंप असतो, त्याचं काम त्या मोलकरणीचे दोन हात करत होते. खाली आलेलं पाणी वर न्यायचं, इतकंच ते काम. तिचं नाव मात्र मागे राहिलं नाही. बाईंचं राहिलं.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला हा पंपाचा नाद कुठून लागला? घरी चार फुटांची टाकी आहे, हे त्याचं उत्तर. पण त्या टाकीकडे मी थोड्या वेळानं येतो. आधी इंग्लंडातच थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं तिथल्या वीस-पंचवीस वर्षांत घडलं.

१८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. दोन सोनमासे, पाण्यात वाढणारी एक वनस्पती आणि कुजलेली पानं खाणाऱ्या गोगलगायी, एवढं एका भांड्यात ठेवलं, तर पाणी न बदलता सगळे जगतात. मासे सोडतात तो वायू वनस्पती घेते, वनस्पती देते तो मासे घेतात, आणि घाण गोगलगायी खातात. कल्पना इतकी नीटनेटकी होती की लोक तिच्या प्रेमातच पडले. तीन वर्षांनी, १८५३ च्या मे महिन्यात, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. लोकांनी आयुष्यात प्रथमच मासा बाजूनं पाहिला. तोवर तो एक तर वरून दिसे, नाही तर ताटात. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि या वस्तूला नावही मिळालं आणि गिऱ्हाईकही.

मग आली साथ. मध्यमवर्गीय घरांतल्या बाया-माणसं बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर धावली. समुद्रफुलं, खेकडे, शेवाळं, जे हाताला लागेल ते उचलून आगगाडीनं घरी. तिथे आठवड्यात पाणी दुधाळ व्हायचं, वास सुटायचा आणि टाकी अडगळीत जायची. १८६८ मध्ये रेव्हरंड वुड या लेखकानं लिहून ठेवलं, की दहातल्या नऊ टाक्या लोकांनी टाकून दिल्या. इकडे खडकांतली डबकी ओरबाडली गेली ती गेलीच. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली वडिलांवर पुस्तक लिहिलं. त्यात ही खंत आहे, की किनाऱ्याचं सौंदर्य लोकांना दाखवायला निघालेल्या आपल्या वडिलांच्याच पुस्तकांनी ते किनारे उजाड झाले. हौशीचा हिशेब करताना ही बाजू सहसा कुणी मांडत नाही.

टाक्या का नासत होत्या? वॉरिंग्टनचा तोल खोटा नव्हता, पण तो फार नाजूक होता. एक समुद्रफूल कोपऱ्यात मेलं की बिघडला. सूर्य जरा जास्त आला की पाणी हिरवं. उन्हाळ्यात ते तापलं की विरघळलेली हवा कमी, म्हणजे आणखी मरण. उभ्या पाण्याचं हे दुखणं ज्याला नीट कळलं, तो माणूस म्हणजे विल्यम अल्फर्ड लॉइड.

हा लॉइड विद्यापीठातला नव्हे. मुळात पुस्तकांच्या धंद्यातला, हातातोंडाची गाठ जेमतेम पडणारा. समुद्री जिवांचं वेड लागलं म्हणून त्यानं लंडनमध्ये अक्वेरियमचं दुकानच काढलं. टाक्या, शिंपले, समुद्राचं पाणी, जिवंत जनावरं, सगळं मिळे. १८५८ मध्ये त्यानं मालाची जी यादी छापली ती आज अभ्यासक इतिहासाचं साधन म्हणून वाचतात. पण फॅशन ओसरली आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकान बुडालं. खरं तर त्याची कारकीर्द तिथून सुरू झाली. पॅरिसला १८६१ मध्ये नव्या उद्यानातल्या मत्स्यालयाच्या टाक्या त्यानं उभारल्या. हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात १८६४ साली मत्स्यालय उघडलं, ते त्यानं सांभाळलं. आणि १८७१ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसच्या आवारात, त्याला हवं तसं मत्स्यालय बांधायला मिळालं.

त्याची युक्ती एका वाक्यात सांगता येते. दिसणाऱ्या टाक्यांत पाणी थोडं ठेवायचं, आणि न दिसणाऱ्या हौदात पुष्कळ. क्रिस्टल पॅलेसला त्यानं जमिनीखाली काळोखात एक प्रचंड हौद बांधला. त्यात वरच्या सगळ्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी होतं. काळोखामुळे त्यात शेवाळ धरत नसे, जमिनीखाली असल्यानं ते थंड राही. वाफेच्या इंजिनावरचे पंप हौदातलं पाणी रात्रंदिवस वर चढवत. वर ते एका टाकीतून शेजारच्या टाकीत, तिथून पुढच्या, असं उतरत उतरत पुन्हा हौदात पोचे. शिवाय टाक्यांवर बारीक तोट्या होत्या. त्यातून जोरानं पडणारी धार हवेचे बुडबुडे घेऊन पाण्यात घुसे. ॲना थिनच्या घरची खिडकी आणि ती मोलकरीण, दोन्ही एकाच धारेत. वर्षानुवर्षं पाणी तेच. फक्त ते थांबत नसे.

घाण जाते कुठे, हे लॉइडला आजच्या भाषेत सांगता आलं नसतं. हवा आणि हालचाल यांनी ती जळून जाते, असं तो धरून चाले. माशांच्या मलमूत्रातून येणारा विषारी अमोनिया पाण्यात राहणारे जिवाणू टप्प्याटप्प्यानं पचवतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवलं. या जिवाणूंना बसायला जागा लागते आणि सतत हवाशीर पाणी लागतं. लॉइडनं नेमकं तेच त्यांना दिलं होतं, त्यांची ओळख नसताना. कारण ठाऊक नसताना काम बरोबर करणारी माणसं मला नेहमीच मोठी वाटतात. आमच्या गल्लीतले निम्मे मिस्त्री असेच आहेत.

त्यानं आणखी एक गोष्ट केली. पंप आणि नळ धातूचे न घेता व्हल्कनाइटचे घेतले. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. खारं पाणी धातू खातं, आणि खाल्लेला धातू मग पाण्यातले जीव खातात. तांब्याचा अंशही समुद्रफुलांना आणि कोळंबीला मारक ठरतो. आज घरच्या टाकीलासुद्धा पीव्हीसीचीच नळी वापरा, पितळेची तोटी बसवू नका, असं जाणकार सांगतात, तो नियम इतका जुना आहे.

आता पंपाची गोष्ट. ती वेगळीच आहे आणि जरा उदास करणारी आहे.

पाणी चढवणारे जुने पंप दट्ट्याचे असत. दट्ट्या वर-खाली होतो आणि पाणी हिसक्याहिसक्यानं येतं. आपला हापसा त्याच कुळातला. आज तुमच्या विहिरीवर, इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवणारा आणि माझ्या फिश टँकखाली बसलेला पंप मात्र दुसऱ्या कुळातला : आत पाती असलेलं एक चाक गरगर फिरतं, मधून पाणी घेतं आणि कडेनं बाहेर फेकतं. कल्पना आधीची होती, पण तिला मान मिळवून दिला जॉन ॲपॉल्ड या गृहस्थानं, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. ॲपॉल्डचा व्यवसाय कातडी रंगवण्याचा. त्यानं चाकाची पाती सरळ न ठेवता मागे वळवली. प्रदर्शनात चाचण्या झाल्या. सरळ पात्यांचं चाक दिलेल्या ताकदीपैकी जेमतेम २४ टक्के पाण्यात उतरवत होतं, ॲपॉल्डच्या वळवलेल्या पात्यांचं ६८ टक्के. फरक फक्त वळणाचा. पाण्याला काटकोन सोसत नाही. हे प्रदर्शन ज्या काचमहालात भरलं होतं, तोच क्रिस्टल पॅलेस. पुढे तो हाइड पार्कमधून उचलून सिडनहॅमला नेला आणि तिथेच वीस वर्षांनी लॉइडचं मत्स्यालय झालं.

पण ॲपॉल्डचा पंप आधी कशाच्या कामी आला, ते ऐका. इंग्लंडच्या पूर्वेला हंटिंग्डनशायरमध्ये व्हिटल्सी मिअर नावाचं तळं होतं. दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातलं ते सर्वांत मोठं तळं. लोक उन्हाळ्यात नावा हाकत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर घसरत. लव्हाळे कापून कुणाचं पोट भरे, मासे धरून कुणाचं. जमीनदारांना तिथे गहू हवा होता. १८५१ मध्ये तळ्याचा बांध फोडून पाणी सोडलं. पाणी उतरत गेलं तसे मासे चिखलात तडफडू लागले आणि लोक टोपल्या, गाड्या घेऊन ते गोळा करायला जमले. उरलेलं पाणी उपसायला आणि जमीन कोरडी ठेवायला ॲपॉल्डचा पंप बसला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस पूर आला, बांध फुटला, तळं पुन्हा भरलं. जणू पाण्याला आपली जागा आठवली होती. पंपानं ते काही आठवड्यांत पुन्हा रिकामं केलं.

त्या काळात तिथल्या दलदलीतलं एक तांब्याच्या रंगाचं मोठं फुलपाखरूही इंग्लंडातून नाहीसं झालं. आणि जमीन? ती दलदलीतली कुजट, स्पंजासारखी माती. पाणी गेलं तशी ती आकसून खाली बसू लागली. किती बसते ते पाहायला होम या गावाजवळ एक लोखंडी खांब जमिनीत पुरला होता, माथा जमिनीबरोबर ठेवून. आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे ४ मीटर उभा आहे. खांब हललेला नाही. जमीन खाली गेली आहे. २००१ पासून त्या परिसरातल्या काही शेतांत पाणी पुन्हा आणून दलदल परत करण्याचं काम सुरू झालं. त्यासाठीही अर्थात पाण्याची दारं आणि पंपच लागतात.

माझ्या टाकीतला पंप याच पंपाचा पणतू आहे. आजोबानं एका तळ्यातले सगळे मासे उघड्यावर टाकले आणि हा चार फुटांतल्या बारा माशांना जगवतो. चाकाला त्याचं काही नाही. ते पाणी फेकतं. कुठून कुठे, ते आपण ठरवतो.

सिडनहॅमला पाण्याचे दोन खेळ शेजारी शेजारी चालले होते, हेही सांगण्यासारखं. बागेत कारंजी होती, अकरा हजारांवर तोट्यांची. त्यांना जोर मिळावा म्हणून ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरनं महालाच्या दोन बाजूंना २८४ फूट उंचीचे पाण्याचे मनोरे बांधले. सगळं देखाव्यासाठी. लॉइडचं पाणी कुणालाच दिसत नव्हतं, दिसत होते ते मासे. कारंज्यांचा खर्च न परवडल्यानं ती पुढे थंडावली. लॉइडची पद्धत मात्र पसरली. नेपल्सला अँटोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञानं समुद्री संशोधन केंद्र काढलं, तेव्हा टाक्यांच्या रचनेसाठी सल्ला लॉइडचाच घेतला. ते मत्स्यालय १८७४ च्या जानेवारीत लोकांना खुलं झालं. १८८० मध्ये लॉइड वारला. क्रिस्टल पॅलेस १९३६ साली जळून गेला.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलं. आम्ही पोरं काचेला नाक लावून उभी. काचेच्या मागे माणसांना चालायला बोळ असतो, तिथे नळांचं जाळं असतं आणि मत्स्यालय खरं तर त्या बोळात असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

घरच्या टाकीखाली लॉइडचा हौद यायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली. मधल्या काळात घरी हवेचे बुडबुडे सोडणारा पंप आणि कोपऱ्यातला स्पंज यावर भागत असे. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवा एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवलं. आणि १९८६ साली जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात लेखमाला लिहिली. तिनं खालच्या हौदाची पद्धत घराघरांत पोचवली. वर शोभेची टाकी, खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी काठावरून आपोआप खाली उतरतं, खाली गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. दुकानदार या खालच्या टाकीला सम्प म्हणतात. मी हौद म्हणतो. अरबीतला हौज आपल्याकडे आला, हौद झाला आणि वाड्यांच्या चौकात बसला. पोर्तुगीजांचा बोंबा आला, तो बंब झाला आणि आग विझवू लागला. पाण्याच्या धंद्यातले आपले निम्मे शब्द असे बाहेरून येऊन इथे मुरलेले आहेत आणि त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

तर आता माझी टाकी. धाकट्या मुलीच्या हट्टानं घेतली, चार फूट लांब, दीड फूट रुंद. गोडं पाणी, एंजल मासे. पंपाचं पाणी एकाच तोंडानं टाकीत सोडलं तर काय होतं? त्या कोपऱ्यात धबधबा आणि समोरच्या कोपऱ्यात तळं. मासे धारेपुढे दमतात, आणि जिथे पाणी हलत नाही तिथे घाण बसते. म्हणून तोंडं एकापेक्षा जास्त हवीत. आम्ही तीन ठरवली : दोन टोकांना दोन, आणि लाकडाच्या ओंडक्यामागे एक. कवीला वाटतं, पाणी तिघांत समान वाटलं जाईल. वाटलं जात नाही. आमचे मिस्त्री सोलापूरचे, वयानं माझ्याएवढेच. ते म्हणाले, “सर, पाणी लई आळशी असतंय. जिकडं सोपं, तिकडं जातंय. जवळच्या तोटीला पोटभर, लांबच्याला उपाशी.” नळपाण्याच्या योजनेवरच्या कुठल्याही गावाला हे वेगळं सांगायला नको. टाकीजवळच्या आळीला धो धो आणि टोकाच्या वस्तीला थेंब.

त्यावर त्यांनी जे केलं ते असं. पंपापासून वर जाणारी मुख्य नळी एक इंची, आणि ती शेवटपर्यंत एक इंचीच ठेवली. खालीच बारीक केली की सगळा जोर घासण्यात जातो. टाकीच्या काठाशी पोचल्यावर टी लावून फाटे फोडले, ते अर्ध्या इंचाचे. हिशेबानं एक इंची नळीच्या तोंडात अर्ध्या इंचाच्या चार नळ्या मावतात, कारण व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं. पण बारीक नळीत पाणी भिंतींना जास्त घासतं, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेबापेक्षा कमीच मिळतं. प्रत्येक फाट्याला एक बॉल व्हॉल्व्ह. जवळच्याचा थोडा दाबायचा, लांबच्याचा पूर्ण उघडा. दाबायचं ते पाणी वर जाताना, पंपानं पाणी ओढायच्या बाजूला कधी नाही. तिथे गळा आवळला की पंप हवा गिळतो आणि खडखडतो. वळणांसाठी शक्य तिथे काटकोनी एल्बो टाळून लवचीक नळी वापरली. ॲपॉल्डची पाती मला आठवली, मिस्त्रींना आठवायचं कारण नव्हतं. त्यांना ते हातानं ठाऊक होतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन बसवले, म्हणजे धुवायला काढताना नळ्या कापाव्या लागत नाहीत.

पंप घेताना एक बघावं. खोक्यावर ‘ताशी ३००० लिटर’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर न्याल तितकं ते कमी होत जातं आणि एका उंचीला पंप फिरत राहतो, पाणी मात्र चढत नाही. शेतीच्या पंपाचा दुकानदार “हेड किती?” हे पहिलं विचारतो. फिश टँकच्या दुकानात ते विचारत नाहीत, आपणच विचारावं. आणि खाली उतरण्याची वाट वर चढण्याच्या वाटेपेक्षा ऐसपैस हवी. वर पाठवायला वीज आहे. खाली यायला फक्त पाण्याचं वजन. त्या वाटेत एक पान अडकलं तरी टाकी काठावरून वाहू लागते.

सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र पंप चालू असतानाची नाही. तो बंद पडतो तेव्हाची आहे. भारनियमनाचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. वीज गेली की पंप थांबतो, पण नळी पाण्यानं भरलेली असते आणि तिची तोंडं टाकीच्या पाण्यात बुडालेली असतात. मग तेच पाणी उलटं फिरतं. रॉकेलच्या डब्यात नळी घालून, ओढून, खाली बाटलीत रॉकेल उतरवायची जी युक्ती होती, तीच इथे आपोआप घडते. तोंड जितकं खोल, तितकी टाकी रिकामी होत जाते आणि हौद भरून फरशीवर येतो. माझ्या टाकीचं क्षेत्रफळ ६ चौरस फूट. तोंड नुसतं २ इंच खोल असलं, तरी १ घनफूट पाणी खाली येतं. म्हणजे २८ लिटर, दोन मोठ्या बादल्या. रात्री दोन वाजता, खालच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असताना.

याला दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवतात. तो पाणी एकाच दिशेला जाऊ देतो. मिस्त्रींचा त्यावर विश्वास नाही, आणि माझाही बसला नाही. त्याच्या झडपेवर क्षार साठतात, गोगलगाईचं एखादं पिल्लू बसतं, आणि नेमक्या त्या रात्री ती मिटत नाही. त्याहून खात्रीचे उपाय दोन. एक म्हणजे हौदात तेवढ्या पाण्याची जागा नेहमी रिकामी ठेवायची. माझ्या हौदाला बाहेरून एक रेघ मारलेली आहे, पंप चालू असताना पाणी तिच्यावर जाऊ द्यायचं नाही. दुसरा उपाय म्हणजे हवेला आत यायला वाट द्यायची. तीन तोंडांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वर ठेवलं आणि त्याच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडलं. पंप चालू असताना त्यातून एक धार टाकीतच पडते, कुणाला दिसतही नाही. वीज गेली, पाणी जरा उतरलं, की भोक उघडं पडतं, हवा आत शिरते आणि तिन्ही फाट्यांतला उलटा ओघ तिथेच तुटतो. विजापूरला आदिलशाहीतल्या मातीच्या नळांवर उंच चौकोनी बुरूज बांधलेले आहेत. लोक त्यांना गंज म्हणतात. तिथे पाण्याचा दाब मोकळा व्हायचा, म्हणून नळ फुटत नसत. आमच्या भोकाचं काम थोडं निराळं, पण नात्यातलंच आहे.

मिस्त्रींनी पंप सुरू केला, तिन्ही तोंडं पाहिली, मग बटण बंद करून खाली उकिडवे बसले आणि हौदातलं पाणी रेघेपर्यंत येऊन थांबेतो उठले नाहीत. मग म्हणाले, “आता सोडा मासे.” ते भोक बारीक असल्यानं शेवाळानं बुजतं. महिन्यातून एकदा ते टाचणीनं मोकळं करावं लागतं. हे काम मुलीकडे आहे.